प्रतीचे नाव आणि कृतीची ओळख

ग्रंथाला नाव कशावरून पडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासात सहसा विचारला जात नाही. कर्त्याने दिलेले शीर्षक, स्वतः कर्त्याचे नाव आणि ग्रंथालयाने दिलेला दाखलक्रमांक या तीन खुणांवर अभ्यासकाचा नित्याचा व्यवहार चालतो व तो बव्हंशी सुरळीत चालतो. परंतु या तिन्ही खुणा ग्रंथाला बाहेरून लावलेल्या असतात. एकाच शीर्षकाच्या अनेक कृती आढळतात, एकच कृती अनेक नावांनी वावरते. आणि दाखलक्रमांक तर ग्रंथाचा नसतोच, तो संग्रहाचा असतो. पोथी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेली की तो बदलतो. थिओडोर आउफ्रेख्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध केलेली संस्कृत हस्तलिखितांची महासूची आणि मद्रास विद्यापीठाने १९४९ पासून खंडशः काढलेली तिची नवी मालिका यांच्यामागे जे प्रचंड परिश्रम आहेत, त्यांतील मोठा वाटा या विखुरलेल्या बाह्य नावांचा मेळ घालण्यातच खर्ची पडलेला आहे.

संगणकावर साठविलेल्या मजकुराच्या बाबतीत ही अडचण नाहीशी झाली नाही. उलट ती वाढली. छापील पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत निदान मुखपृष्ठ व प्रकाशनवर्ष यांचा भेद असतो. संगणकीय फाइलीचे नाव मात्र कोणीही केव्हाही बदलू शकतो, आणि नाव तेच ठेवून आतील मजकूरही बदलू शकतो. ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित दोन’ अशा नावांच्या फाइली ज्याने एखादा प्रबंध संगणकावर लिहिला आहे त्याला अपरिचित नाहीत. या अव्यवस्थेवर आज्ञावली लिहिणाऱ्यांनी जो उपाय काढला, त्याचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला नाही. तो उपाय म्हणजे फाइलीचे नाव तिच्या मजकुरावरूनच काढणे.

आज्ञावलीच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या पाठांची नोंद ठेवणाऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालींचा इतिहास १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सुरू होतो. प्रारंभीच्या प्रणाली पाठांना क्रमांक देत असत. २००० साली सुरू झालेल्या सबव्हर्जन या प्रणालीतही हीच पद्धत होती: एक केंद्रस्थ भांडार असावयाचे आणि त्याने प्रत्येक नव्या नोंदीस पुढचा आकडा द्यावयाचा. म्हणजे हा दाखलक्रमांकच. २००३ च्या मोनोटोन या प्रणालीने आणि तिच्यापाठोपाठ लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या गिट या प्रणालीने हा क्रमांकच टाकून दिला. गिटमध्ये फाइलीतील मजकूर, त्याच्या आधी त्याचा प्रकार व त्याची लांबी सांगणारा छोटा मथळा जोडून, ‘शा-१’ नावाच्या गणिती प्रक्रियेतून काढला जातो. या प्रक्रियेला कितीही लांबीचा मजकूर दिला तरी उत्तर मात्र ठरावीक लांबीचे, १६० बिटांचे येते. सोळा अंकचिन्हांच्या पद्धतीने ते लिहिले म्हणजे ४० चिन्हांची एक माळ होते. या माळेला हॅश म्हणतात, आणि हीच माळ त्या मजकुराचे नाव ठरते.

या योजनेतील दोन बारकावे पाठचिकित्सकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, वापरणाऱ्याने फाइलीला दिलेले नाव या हिशेबात धरलेच जात नाही. ते निराळ्या सूचीत नोंदले जाते. त्यामुळे दहा जणांनी दहा नावांनी तोच मजकूर ठेवला, तरी गिट तो एकदाच साठविते. दुसरा बारकावा असा की, फाइलींच्या सूचीलाही तिच्या मजकुरावरून नाव मिळते आणि प्रत्येक नोंदीलाही मिळते. त्या नोंदीत सूचीचे नाव, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, कारण आणि आधीच्या नोंदीचे नाव हे सर्व समाविष्ट असते. साहजिकच, दहा वर्षांपूर्वीच्या एका फाइलीतील एक अनुस्वार आज गुपचूप बदलला, तर त्या फाइलीचे, तिच्या सूचीचे, त्या नोंदीचे आणि तिच्यानंतरच्या प्रत्येक नोंदीचे नाव बदलते. भूतकाळात केलेली ढवळाढवळ वर्तमानाच्या नावात उमटते.

वाङ्मयाच्या अभ्यासाला यातून जो लाभ होण्यासारखा आहे तो सामान्य नव्हे. आज संगणकीय ग्रंथालयांतील संहितांचा हवाला देताना अभ्यासक स्थळाचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख देतात. परंतु त्या पत्त्यावरील मजकूर मधल्या काळात कोणी दुरुस्त केला असेल, तर वाचकाला ते कळण्याचा मार्ग नसतो. सद्भावनेने केलेली दुरुस्तीसुद्धा आधीच्या संशोधनाचा आधार काढून घेते. एखाद्या शब्दाच्या वारंवारतेवर उभारलेला निष्कर्ष नंतर पडताळून पाहता येत नाही. संहितेसोबत तिचा हॅश दिलेला असेल, तर दिल्लीतील अभ्यासकाने वापरलेला पाठ आणि तंजावरच्या अभ्यासकासमोरचा पाठ एकच आहे की नाही, हे कोणत्याही तिसऱ्या अधिकाऱ्याला न विचारता दोघांनाही क्षणार्धात ठरविता येते. नाव देणारी संस्था बंद पडली तरी नाव निरर्थक होत नाही, कारण ते मजकुरावरून पुन्हा काढता येते. लहान संस्थांत आणि खाजगी संग्रहांत विखुरलेल्या भारतीय भाषांच्या साहित्याला केंद्राविना चालणारी ही व्यवस्था विशेष उपकारक ठरेल.

मजकुरावरून मजकुराची खूण काढण्याची कल्पना भारतीय परंपरेला सर्वस्वी नवीन आहे असेही नाही. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने मोजलेली ग्रंथसंख्या पोथीच्या अखेरीस लिहिण्याची लेखकांची प्रथा परिचित आहे. तिच्यावरून लेखनाचे मोल ठरे, तसेच पोथी अपुरी आहे किंवा फुगलेली आहे याचा अंदाजही येई. वेदपाठाच्या जटा, घन इत्यादी विकृतींमध्येही शब्द उलटसुलट गुंफून च्युती टाळण्याची दृष्टी आहे. तथापि या साम्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. समान ग्रंथसंख्येच्या असंख्य कृती असू शकतात, म्हणून ग्रंथसंख्या हे नाव होऊ शकत नाही. घनपाठात मूळ शब्द पुनःपुन्हा येत असल्याने चूक सापडते आणि सुधारताही येते. हॅश चूक झाल्याचे तेवढे सांगतो. कोठे झाली हे सांगत नाही, आणि मूळ काय होते हे तर मुळीच सांगत नाही.

येथपर्यंत हॅशचा कैवार घेण्यात अडचण नाही. अडचण सुरू होते ती मराठीत त्याचे वर्णन करू लागल्यावर. इंग्रजीतील ‘कंटेंट’ या शब्दासाठी मराठीत चटकन ‘आशय’ हा शब्द योजला जातो आणि मग हॅशला आशयावरून दिलेले नाव म्हटले जाते. मराठी समीक्षेत आशय हा अभिव्यक्तीच्या जोडीने येणारा शब्द आहे. कृतीला जे सांगावयाचे असते तो तिचा आशय. हॅशला त्याचा गंधही नसतो. किंबहुना वाचक ज्याला अक्षर म्हणतो तेही हॅशला दिसत नाही. त्याला दिसते ती केवळ बाइटांची, म्हणजे अक्षरांच्या संकेतांकांची, रांग. आशय तोच राहून, अक्षरेही तीच राहून, एवढेच नव्हे तर पानावरील दृश्यही तसूभर न बदलता, ही रांग निराळी असू शकते. ओळीचा शेवट दर्शविणारे अदृश्य चिन्ह दोन संगणकांवर निराळे असले, तरी तेवढ्याने नाव बदलते.

भारतीय लिप्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट आहे. दरीचे अनेकवचन जो ‘दऱ्या’ हा शब्द, तो युनिकोडमध्ये निदान दोन रीतींनी लिहिला जातो: एकीत मराठीसाठी असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन्हींचे हॅश सर्वस्वी भिन्न येतात. ‘ॲ’ या वर्णाला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र काढून तो लिहिलेला आढळतो. मल्याळममधील चिल्लू अक्षरांना स्वतंत्र संकेतांक त्याच वर्षी मिळाले आणि बंगालीतील खंड-त ला २००५ साली. म्हणजे या तिन्ही भाषांत या वर्षांच्या अलीकडचे आणि पलीकडचे लेखन, शब्द तेच असताना, संगणकाच्या लेखी निराळे आहे. युनिकोडने समतुल्य लेखनाला एकरूप देण्याचे नियम घालून दिले आहेत हे खरे. परंतु वर सांगितलेल्या जोड्या त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो. हॅश काढण्यापूर्वी अदृश्य चिन्हे गाळून टाकावीत आणि सर्व मजकूर एका साच्यात बसवावा, असा तो उपाय आहे. या सोपेपणातच धोका आहे. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दर्‍या’ या शब्दातील अदृश्य जोडचिन्ह गाळले की ‘दर्या’ उरतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो. कोणते चिन्ह निरर्थक आणि कोणते अर्थभेदक, हे त्या त्या भाषेचा जाणकारच सांगू शकतो. हा निर्णय गणिताचा नाही, संपादनाचा आहे. तो आज बहुधा आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून, नकळत आणि अघोषित रीतीने होत असतो, आणि अभ्यासकाला त्याचा पत्ताही नसतो.

उलट बाजूचे उदाहरणही ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे दिसतात, तरी दोघांचा संकेतांक एकच आहे. त्यामुळे डोळ्यांना स्पष्ट दिसणारा हा भेद हॅशला अज्ञात राहतो. मोडीचे प्रकरण याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. मोडी लेखनात ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. देवनागरीत लिप्यंतर करणारा प्रत्येक ठिकाणी वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व घ्यावा की दीर्घ, हे स्वतः ठरवितो. अशा लिप्यंतराचा हॅश लिप्यंतरकाराच्या निर्णयाची ग्वाही देतो. मूळ कागदाविषयी तो काहीच सांगत नाही. चाळीस चिन्हांची ती निर्विकार माळ पाहून मूळ दस्तऐवजच प्रमाणित झाल्याचा भास होण्याचा संभव मात्र मोठा आहे.

हॅशच्या स्वभावातच आणखी एक गोष्ट आहे. मजकुरात एका मात्रेचा फरक पडला काय किंवा संपूर्ण मजकूरच निराळा असला काय, दोन्ही प्रसंगी येणारी नावे एकमेकांपासून सारखीच दूर असतात. नावावरून नाते कळत नाही. पाठचिकित्सेचा तर सारा भर नात्यावर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रतींना मुख्यतः लिपीवरून संकेताक्षरे दिलेली आहेत. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा परंपरांचा गट त्या अक्षरातच दिसतो. संकेताक्षर वाचताच ती प्रत कोणत्या कुळातील हे अभ्यासकाला समजते. हॅशच्या नावात असे कुळ नसते.

गिटने नात्याची व्यवस्था नावात न करता नोंदीत केली आहे, आणि ती मोठी उद्बोधक आहे. प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीचे नाव सांगते. दोन शाखा एकत्र आणल्या तर दोघींची नावे सांगते. पोथ्यांचा वंशवृक्ष काढताना पाठचिकित्सकाला सर्वांत छळणारी गोष्ट म्हणजे संकर: एकाच लेखकाने दोन आदर्शप्रती समोर ठेवून लिहिलेली पोथी वृक्षाच्या एका फांदीवर बसत नाही. महाभारताचे संपादक वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ च्या आपल्या प्रस्तावनेत या अडचणीचा विस्ताराने विचार केलेला आहे. गिटमध्ये दोन जनकांची नोंद ही रोजची बाब आहे. परंतु गिटमधील वंशावळ ही लिहिणाऱ्याने स्वतः सांगितलेली असते. पोथ्यांची वंशावळ प्रमादांच्या साम्यावरून अनुमानाने काढावी लागते. पहिली नोंदवही दुसऱ्या शास्त्राची जागा घेऊ शकत नाही.

मग कृती कोणती? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेली निराळी प्रत प्रसिद्ध केली. या दोहोंचे आणि सर्व सांप्रदायिक प्रतींचे हॅश काढले, तर जितक्या प्रती तितकी नावे मिळतील आणि त्यांपैकी एकही नाव ज्ञानेश्वरीचे असणार नाही. ज्ञानेश्वरी ही त्या सर्व प्रतींना एकत्र बांधणारी, वाचकांच्या परंपरेने मान्य केलेली वस्तू आहे. एकनाथांच्या शब्दाला संप्रदायात जे वजन आले ते अधिकाराचे आणि श्रद्धेचे. हॅशला वजन येते ते पडताळ्याचे. प्रत बदलली आहे हे हॅश दाखवील. तो बदल संपादन आहे, प्रक्षेप आहे की लेखनिकाचा प्रमाद आहे, हे तो सांगू शकत नाही.

हॅशच्या विश्वासार्हतेविषयीही आंधळेपणा नको. १६० बिटांत मावणारी नावे मोजकी आहेत आणि संभाव्य मजकूर अगणित. तेव्हा दोन मजकुरांना एकच नाव येणे तत्त्वतः अटळ आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र केंद्रातील आणि गूगलमधील संशोधकांनी शा-१ चा एकच हॅश असलेल्या दोन भिन्न फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखविल्या. त्यानंतर गिटने अशी बनावट ओळखणारी तपासणी स्वीकारली, आणि २०२० पासून शा-२५६ या अधिक लांब हॅशची सोयही प्रायोगिक स्वरूपात उपलब्ध केली. शा-१ चा वापर २०३० अखेर थांबवावा असे अमेरिकेच्या मानक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले आहे. याचा अर्थ एवढाच की, बाहेरून न दिलेले हे नावदेखील कालातीत नाही. ते ज्या प्रक्रियेने काढले तिचा उल्लेख त्याच्याबरोबर केलाच पाहिजे. शकाचा उल्लेख न करता नुसता वर्षाचा आकडा देण्यासारखे ते होईल.

त्याचप्रमाणे नाव असणे म्हणजे वस्तू जतन होणे नव्हे. सूचीत नाव आहे आणि पोथी वाळवीने खाल्ली आहे, हा अनुभव भारतीय संग्रहांना नवा नाही. आज्ञावलींच्या क्षेत्रात फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह उघडून नाव आणि जतन यांची सांगड घातली. त्यातील मजकुरावरून काढलेल्या नामपद्धतीला २०२५ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आज्ञावलीसाठी जी काळजी घेतली जाते ती भारतीय भाषांतील संहितांसाठी घेतली जाऊ नये, याला कोणतेही तात्त्विक कारण नाही.

तेव्हा अभ्यासकांनी या पद्धतीकडे पाठ फिरविणे जसे अयोग्य, तसेच तिच्या हाती सर्व सोपविणेही अयोग्य. भारतीय भाषेतील कोणतीही संगणकीय आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्याने तीन गोष्टी करणे आवश्यक आहे. पहिली, वर्णांचे संकेतन कोणत्या नियमाने केले आणि कोणती चिन्हे एकरूप केली, याचे निवेदन छापील आवृत्तीतील लेखनविषयक टिपणाप्रमाणे द्यावे. दुसरी, मजकुराचा हॅश आणि तो काढण्याची प्रक्रिया यांची नोंद करावी. दुरुस्ती केल्यास जुना पाठ न पुसता नवी नोंद करावी आणि तीत कारण लिहावे. तिसरी, मूळ लिप्यंतर आणि एकरूप केलेला पाठ या दोन निराळ्या फाइली ठेवाव्यात व दोहोंना निराळी नावे असू द्यावीत. यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी लागणारे ज्ञान संगणकशास्त्राच्या विभागात मिळणार नाही. ते मराठी, मल्याळम, बंगाली इत्यादी भाषांच्या विभागांतच आहे, आणि त्या विभागांनी ते निर्णय घेतले नाहीत तर ते इतरत्र घेतले जातील.

प्रतीला तिचे निःसंदिग्ध नाव मिळावे, ही पाठचिकित्सेची जुनी गरज आहे. हॅशने ती बऱ्याच अंशी भागविली आहे. त्या नावाने दाखविलेल्या प्रतींपैकी कोणत्या एकाच कृतीच्या मानावयाच्या, त्यांचे परस्परांशी नाते काय, आणि त्यांतील कोणता पाठ ग्राह्य, हे प्रश्न मात्र होते तेथेच आहेत. त्यांची उत्तरे वाचून, ताडून आणि विवेकानेच द्यावी लागतील.